बिनपिसाऱ्याचा पाव्हणा

"काकांना सांग, चहा गार व्हायलाय," मावशी म्हणाली.

काका माझ्या शेजारी, त्याच बाजेवर बसले होते. मी मान त्यांच्याकडे वळवली आणि म्हणाले, "काका, चहा गार व्हायलाय."

"तिला म्हणावं, दिसायलाय मला."

मी मान परत वळवली. "मावशी, त्यांना दिसायलाय."

"मग प्या म्हणावं. का शाई म्हणून दौतीत भरायचा हाय?"

हा शेवटचा भाग मी गाळला. एवढं स्वातंत्र्य मी घेत असे.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी मुगवाडीत शाखा डाकपाल म्हणून नवीन लागले होते. मुगवाडी म्हणजे बालाघाटच्या डोंगरात, जिथे रस्ता येतो तो चुकून येतो, असं गाव. माझी धाकटी मावशी केवळाबाई तिथेच गावाबाहेर शेतवस्तीवर राहत होती, म्हणून आईनं मला निश्चिंत मनानं पाठवलं. मावशी आणि काकांचा वर्षभर अबोला चालू आहे, ही किरकोळ माहिती सांगायची तिच्याकडून राहून गेली. त्यामुळे दिवसा मी सरकारचं टपाल वाटायचे आणि सकाळ-संध्याकाळ या दोघांचं. सरकारी पाकीट निदान बंद असतं. इथलं पत्र मला मोठ्यानं वाचून दाखवावं लागायचं, तेही पाठवणाऱ्याच्या समोर, आणि ज्याला पोचवायचं त्यानं ते आधीच ऐकलेलं असायचं.

अबोला गायीवरून होता. हरणी तिचं नाव. तिची आई ती वासरू असतानाच गेली, आणि मावशीनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. हरणी मावशीच्या मागे चुलीपर्यंत यायची म्हणे. आदल्या वर्षी माझ्या आईचं ऑपरेशन झालं, तेव्हा मावशी जामखेडला आमच्याकडे आली होती. परत गेली तर गोठा रिकामा.

"हरणी कुठंय?"

"विकली," काका म्हणाले.

"कुणाला?"

"व्हता एक गिऱ्हाईक."

एवढ्यावर त्यांचा संसार थांबला होता. स्वयंपाक, धुणं, पेरणी, सगळं नेटानं चालू. फक्त बोलणं बंद.

तर त्या सकाळी चहा काकांच्या ओठाला लागायच्या आत मोर अंगणात आला.

मोर आमच्या ओळखीचा होता. आमच्या डोंगरात मोर भरपूर, पण हा वस्तीवरचाच समजायचा. डाव्या पायाचं एक बोट वाकडं, त्यामुळे चालताना दर पावलाला काहीतरी विसरल्यासारखं करायचा. दिवस हरभऱ्याच्या पेरणीचे होते, म्हणजे त्याचा पिसारा झडून गेलेला. पिसाऱ्याशिवायचा मोर तुम्ही पाहिला नसेल तर सांगते: बढती काढून घेतलेल्या साहेबासारखा दिसतो. मान तीच, तोरा तोच, मागे काही नाही.

पण त्या दिवशी तोराही नव्हता. पंगतीनंतर एखादा वऱ्हाडी मांडवाचा खांब शोधतो, तसा तो डुलत आला. चोचीतून लाळ गळत होती. बाजेपाशी आला, काकांकडे पाहिलं आणि जागच्या जागी कलंडला.

काकांच्या हातातला चहा सांडला. काका, म्हणजे आश्रुबा तांदळे, हा माणूस सहसा घाई करत नसे. विंचू निघाला तरी आधी तंबाखू मळून मग उठायचा. पण मी त्यांना त्या दिवशी बाजेवरून उडी मारताना पाहिलं. त्यांनी मोराची चोच उघडली, नाक लावून वास घेतला.

"औषध," ते म्हणाले. "बियाण्याला लावलेलं. कुणाच्या तरी पेरलेल्या तासातलं बी टिपलंय यानं. कांचे, डॉक्टरला फोन लाव."

"लावते."

"आत्ता लाव. हा माझ्यासमोर न्हाई मरायचा."

हे ते मोराला म्हणाले, की मला, की आणखी कुणाला, ते मला तेव्हा कळलं नाही. अंगावरचं उपरणं काढून त्यांनी मोराला त्यात गुंडाळलं आणि रिकाम्या गोठ्याकडे निघाले.

"त्यांना सांग," मावशी दारातून म्हणाली, "या घरात पुन्हा जनावर बांधायचं न्हाई."

काका थांबले. "तिला सांग, हे जनावर न्हाई. पक्षी हाय."

मावशीनं उपरण्यातून बाहेर लोंबणारी मान पाहिली. बराच वेळ पाहिली.

"मग ठेवा म्हणावं. पण मी त्याचं काही करणार न्हाई. पाण्याचा थेंब देणार न्हाई."

"तिला सांग, कुणी मागितला?"

मी दोन्हीकडे मान हलवली. दोन्हीकडे पोच मिळाली.

तालुक्याहून जनावरांचे खाडे डॉक्टर मोटारसायकलवर आले. त्यांनी इंजेक्शन दिलं, कोळशाच्या पुडीचं एक पाकीट दिलं आणि सांगितलं की ही सकाळ-संध्याकाळ पाण्यातून पाजायची, पोटातलं विष ती ओढून घेते. मग म्हणाले, जगेल की नाही ते दोन-तीन दिवसांत कळेल. वनखात्याला कळवणं भाग होतं, कारण मोर पाळता येत नाही. वनरक्षक गर्जे म्हणून एक तरुण होता, तो फोनवर म्हणाला, "नियमानुसार तो जंगली आहे. डॉक्टर सांगतील तोवर ठेवा, बांधू नका, बरा झाला की मला कळवा." गर्जे 'नियमानुसार' हा शब्द लोक 'बरं का' म्हणतात तसा वापरायचा.

काका त्याला पाव्हणं म्हणायला लागले. "पाव्हणं, डोळं उघडा. पाव्हणं, घोटभर घ्या." मानानं, बहुवचनात. मोर गव्हाणीतल्या कडब्यावर पडून असायचा आणि व्याह्यासारखं काहीच मनावर घ्यायचा नाही.

दोन-तीन दिवस झाले. विषातून तो वाचला, हे डॉक्टरांनी फोनवर मान्य केलं. पण उठेना. उलट जास्तच मलूल झाला. पोट टणक, मान खाली. काकांचं जेवणावरचं लक्ष उडालं. मावशी म्हणायची, "मला काय त्याचं," आणि दर थोड्या वेळानं गोठ्याच्या बाजूला काहीतरी वाळत घालायला जायची. त्या आठवड्यात आमच्या घरातलं सगळं फार चांगलं वाळलं.

डॉक्टर परत आले. मोराचं पोट चाचपून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पावडर कोण देतंय?"

"मी," मी म्हणाले. "सकाळी हपिसाला जायच्या आधी, आणि आल्यावर."

काकांनी घसा खाकरला. "म्या बी देतो. आंघोळीनंतर. पोरीच्या लक्षात राहायचं न्हाई म्हणून."

गोठ्याच्या दारामागून, जिथं मावशी उभी नव्हती, तिथून मावशीचा आवाज आला. "तांबडं फुटायच्या आधी एकदा मी पाजते. आन दिवे लागल्यावर. कुणी बघत न्हाई म्हणून."

डॉक्टर खाली बसले.

"म्हणजे तिघं जण दोन-दोन वेळा."

त्यांनी पुडीचं पाकीट उचलून झटकलं. रिकामं होतं.

"याच्या पोटात आता काडी लावली तर रेल्वे सुरू होईल," ते म्हणाले. "विषातून उठलेला पक्षी तुम्ही कोळसा भरभरून मारायलात. एका घरात राहता. सकाळी एकमेकांला विचारता येत न्हाई का, बाई पावडर दिली का?"

काका कडब्याकडे बघत होते. दारामागची सावली हलली नाही.

"मी विचारत जाईन त्यांच्या वतीनं," मी म्हणाले.

"तू दिवसभर हपिसात. दर दोन तासांनी याला आता नुसतं पाणी पाजायचं हाय, थोडं-थोडं. जास्त झालं तरी मरंल, कमी झालं तरी मरंल. कुणी कधी पाजलं ते दोघांला ठाऊक पाहिजे. न्हाईतर उद्या मला बोलावू नका, खड्डाच खणा."

खड्डा म्हटल्यावर काकांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आले. अंगणात पाऊल टाकलं तोच गोठ्यातून काकांचा आवाज आला.

"पाव्हणं, पाणी झालं का?"

मोरानं डोळा मिटला आणि उघडला.

स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामधल्या भिंतीला एक झरोका होता. त्या झरोक्यातून मावशीचा आवाज आला. "पाव्हणं, विचारणाऱ्याला म्हणावं, झालं. ताकाची निवळ दिली."

"पाव्हणं, डॉक्टरनं पाणी सांगितलं व्हतं. ताक कशाला?"

"पाव्हणं, डॉक्टरच्या घरी ताक नसंल, म्हणून पाणी सांगितलं."

"पाव्हणं, तुमचं पोट बिघडलं तर?"

"पाव्हणं, बिघडायला त्यात अजून काय ऱ्हायलंय म्हणावं."

मी खांद्यावरची पिशवी न उतरवता तशीच उभी राहिले. घरात मोर आणि मी असे दोन मध्यस्थ होते, आणि त्यांनी माझा एका शब्दानं उल्लेख केला नव्हता. माझी बदली झाली होती. माझ्या जागी मोर आला होता.

खरं सांगायचं तर तो माझ्यापेक्षा बरा होता. मी निरोप देताना टोमणे गाळायचे. तो काही गाळायचा नाही. मी कधी कंटाळून "तुम्हीच सांगा की" म्हणायचे; तो कधी म्हणाला नाही. शिवाय तो कुणाच्या बाजूचा, हे त्याच्या तोंडावरून ओळखू येत नसे.

पाण्याचं वेळापत्रक त्यामुळे चोख झालं. मोराचं पोट हललं. ती बातमी मला दोन्हीकडून वेगवेगळी आणि सविस्तर कळली. तो मान वर धरायला लागला. मग उठून बसला. मग एक दिवस वाकड्या बोटानं गोठाभर फिरला, आणि काकांनी भिंतीला टेकून कितीतरी वेळ नुसतं पाहिलं.

पण तोवर बोलणं पाण्याच्या पुढे गेलं होतं.

"पाव्हणं, खालच्या पट्टीत औंदा हरभरा करावा का करडई?"

"पाव्हणं, करडईला काटे असतात. काढायला कोण जाणार हाय, तुम्ही?"

"पाव्हणं, हरभराच करतो मग."

किंवा संध्याकाळी झरोक्यातून मावशी: "पाव्हणं, कुणाची तरी कंबर धरलीय. वाकून चालायलाय."

काका जागच्या जागी ताठ झाले. "पाव्हणं, तुमची कंबर?"

"पाव्हणं, तुमची न्हाई."

त्यानंतर गव्हाणीच्या कडेला कोमट तेलाची वाटी येऊन बसली. काकांनी ती उचलली. मोराकडे बघून मान लववली.

मी बाजेवर बसून टपालाच्या पिशव्यांचे बंद शिवत होते. आईचा फोन आला, "कसं चाललंय तिथं?" मी म्हटलं, "बरं चाललंय. दोघं मोराशी बोलतात." आई म्हणाली, "तू जेवतेस ना वेळेवर?"

मग घोटाळा झाला. मोर बरा झाला.

एका सकाळी तो फडफड करून गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन बसला आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असा ओरडला.

"बरा झाला की," मी म्हणाले.

दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात त्यांनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

"पत्र्यावर चढला म्हणजे बरा झाला का?" काका म्हणाले. "घेरी आली आसंल."

"घेरी आली की खाली पडतात, काका."

"पोरीला पोस्टातलं कळतं," मावशी म्हणाली. "ओरडायलाय कसा ऐक की. दुखत असल्याबिगर कुणी असं वरडतं का?"

त्यानंतर दुपारी वस्तीवर दोन लांडोरी चरायला आल्या, तेव्हा तो अंगणाच्या मधोमध नाचला. पिसारा नव्हता. मागची ती आखूड तपकिरी शेपटी त्यानं ताठ उभी केली आणि धोतर दोरीवर वाळत घालून लेझीम खेळायला आलेल्या माणसासारखा, पण पूर्ण आत्मविश्वासानं, गोल गोल फिरला. लांडोरींनी दाणे टिपले आणि गेल्या.

"बघ कसा थरथरायलाय," काका म्हणाले. "हुडहुडी भरलीय."

"पाव्हणं," मावशी झरोक्यातून म्हणाली, "आत या. वारं लागंल."

आणि पाव्हणं खरोखर आत गेले. गोठ्याचं दार कायम उघडंच असायचं. त्याला कुणी अडवलेलं नव्हतं. पण ताक आणि शेंगदाणे मिळत असताना आपणहून बरं होणारा प्राणी मी माणसातही पाहिलेला नाही.

खाडे डॉक्टर शेवटच्या तपासणीला आले. मोर त्यांच्या अंगावर धावून गेला.

"ठणठणीत आहे," ते म्हणाले.

"वरून दिसतो तसा," काका म्हणाले.

"आतून खचलाय," दारामागून मावशी.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोराकडे पाहिलं. मोर डॉक्टरांच्या बुटाची नाडी सोडवत होता.

"मी गर्जेला सांगतो," डॉक्टर म्हणाले, जरा हळूच. "रविवारी घेऊन जाईल. पेरण्या चालू आहेत तोवर वर डोंगरात, झऱ्यापाशी सोडणं बरं. इथं राहिला तर पुन्हा कुणाचं तरी बी टिपंल. मग मी काही करू शकणार न्हाई."

मोर मरू नये, हे दोघांनाही पाहिजे होतं. मोर गेला तर काय होईल, हेही दोघांना दिसत होतं. मलाही दिसत होतं. माझी मान पुन्हा कामाला लागणार होती, आणि नोकरी माझी नवी होती. निवृत्तीला फार अवकाश होता.

शनिवारी संध्याकाळी मावशी भाकरी थापत होती आणि मी चुलीत काटक्या सारत होते. काका गोठ्यात होते. मग झरोक्यातून त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा खाली.

"पाव्हणं, उद्या तुम्ही जाणार. मग मला सांगायला कुणी ऱ्हायचं न्हाई. म्हणून सांगतो."

मावशीचा हात परातीत थांबला.

"हरणी विकली न्हाई मी."

चुलीवरची भाकरी फुगली होती. मावशीनं ती उलटली नाही.

"मी गावात पारावर बसलो व्हतो. कुणी कुणाची जिरवली, असल्या गप्पा. दावं नीट बांधलं न्हवतं. पाऊस न्हवता, ज्वारी सुकत चाललेली, त्यात कोवळे फुटवे. असली ज्वारी इखासारखी आसती, हे मला शेंबूड पुसत व्हतो तवापासून ठाऊक हाय. मी येईस्तोवर तिनं पोटभर खाल्लं व्हतं. तुमच्यावाणीच डुलत आली, पाव्हणं. अंगणापर्यंत आली. चुलीकडं तोंड करून पडली. तिला वाटलं आसंल, ही घरात हाय." ते थांबले. "घरात मी व्हतो."

गव्हाणीत मोर काहीतरी टिपत असल्याचा टकटक आवाज येत होता.

"मग विकली म्हणून सांगितलं. म्हटलं, विकली म्हणलं तर कुठंतरी कुणाच्या दावणीला उभी हाय, एवढं तरी हिला वाटंल. माझ्यावर चिडंल. चिडलेलं बरं. रडताना मला बघवलं नसतं. गावाला शपथ घातली, कुणी सांगायचं न्हाई म्हणून."

भाकरीतून धूर निघायला लागला. मी उलथनं घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मावशीचा चेहरा अजिबात हलला नव्हता. तिनं पिठाचे हात एकमेकांवर झटकले.

"पाव्हणं," ती झरोक्याकडे न बघता म्हणाली. "त्यांना म्हणावं, मला तवाच कळलं व्हतं."

टकटक थांबली. मोराला काही कळलं असेल असं नाही. शेंगदाणे संपले असतील.

"नाल्याकडच्या बोरीखालची माती नवी व्हती. विकलेल्या गायीला कुणी खड्डा खणत न्हाई. आन गावातल्या बाया माझ्याशी एकदम गोड बोलायल्या. आपलं गाव गोड बोलायलं की समजावं, कुणीतरी मेलंय."

पलीकडे कडबा सळसळला. मग: "पाव्हणं, मग बोलली का न्हाई, म्हणावं? वर्षभर?"

"पाव्हणं, म्हणावं, तुमच्या तोंडून ऐकायचं व्हतं. खोटं बोललेल्या माणसाला खरं बोलायला जागा सोडावी लागती. मी जागा सोडून बसले. हे त्या जागेत पाय पसरून झोपले."

मी इतके दिवस त्यांचे निरोप इकडून तिकडे नेले होते. चहाचे, भाकरीचे, विहिरीवरची मोटार चालू केली का याचे. मावशी रागावलेली आहे, असं मी धरून चालले होते, गावही, काकाही. ती रागावलेली नव्हतीच. ती थांबलेली होती.

"भाकरी करपली," मी म्हणाले. मला कुणी सांगायला सांगितलं नव्हतं.

काका जेवायला आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मावशीनं ती करपलेली भाकरी त्यांच्याच ताटात वाढली. त्यांनी ती सगळी खाल्ली, काळा पापुद्रासुद्धा.

रविवारी सकाळी गर्जे मोटारसायकलला मागे बांबूचं डालगं बांधून आला. मोराला आत घालायला त्याला बरेच प्रयत्न करावे लागले. शेवटी काकांनी नुसतं "पाव्हणं, बसा" म्हटलं आणि मोर आत जाऊन बसला. मावशीनं शेंगदाण्यांचं एक गाठोडं पुढं केलं.

"मावशी, नियमानुसार जंगली पक्ष्याला शिदोरी देता येत नाही," गर्जे म्हणाला.

मावशी गाठोडं धरून उभी राहिली. गर्जेनं ते घेतलं आणि शर्टाच्या आत ठेवलं.

"पोचल्यावर फोन कर," ती म्हणाली.

"मी?"

"मग काय तो करणार हाय?"

गाडी गेली. डालग्याच्या फटीतून निळी मान बाहेर आलेली, वळणापर्यंत दिसत होती. मग धूळ बसली. अंगणात आम्ही तिघं. काकांनी उपरणं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. मावशीनं पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला. मग काकांनी माझ्याकडे पाहिलं. मावशीनंही माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं, झालं. काल जे काही बोलले ते मोराशी बोलले, आणि मोर तर ते घेऊन डोंगरात गेला. मी बाजेवर माझ्या जागी जाऊन बसले.

"कांचे," मावशी म्हणाली. "हपिसात जा."

"मावशी, आज रविवार."

"मग पेटी उघडून बघ. कुणी पत्र टाकलं आसंल."

"रविवारी पेटी उघडायची नसती."

"तू जा म्हणते ना. आन लवकर येऊ नकोस."

मी गेले. बंद पोस्टाच्या पायरीवर दिवस काढला. येणारा-जाणारा विचारायचा, "बाई, आज हिथं कशा?" मी म्हणायचे, "पेटीवर लक्ष ठेवायलेय." मुगवाडीत त्यानंतर बरेच दिवस पोस्टात काहीतरी मोठं येणार असल्याची चर्चा होती.

उन्हं कलली तेव्हा मी वस्तीकडे निघाले. बांधापाशी आले तर आवाज ऐकू आले. आधी वाटलं, कुणी परके आलेत भांडायला. त्या दोघांचे आवाज मी कधी असे, एकामागोमाग एक, मध्ये कुणाचं नाव न येता ऐकलेच नव्हते. ते घरात नव्हते. नाल्याच्या कडेला बोरीखाली होते.

"आवं, एवढा खड्डा एकट्यानं खणला?"

"मग काय बँड लावून खणायचा?"

"कुणाला तरी हाक मारायची की. तवापासून कंबर धरलीय तुमची. आन मला वाटलं, म्हातारे झाले."

"हाक मारली असती तर तुला कळलं असतं."

"मला कळलंच की."

"मग गप का बसलीस?"

"काल सांगितलं ना."

"काल पाव्हण्याला सांगितलं," काका म्हणाले. "मला कुठं सांगितलंस?"

मावशी बोरीच्या एका फांदीला हात लावून उभी राहिली. मग काटा लागला म्हणून तिनं हात झटकला आणि डोळे पुसले. काट्यापायी जेवढे पुसायला हवेत, त्यापेक्षा जरा जास्तच वेळ.

"आता सांगते," ती म्हणाली. "बसा खाली."

काका बसले. मावशी त्यांच्यासमोर बसली आणि तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. पहिल्यापासून म्हणजे लग्नापासून. मी त्यांना दिसणार नाही अशा बेतानं बांधावर टेकले. गावात दिवे लागायला आले, तरी त्यांचं बोलणं अजून मांडवाच्या दारातच अडलेलं होतं.